कंटेनर इमेजमध्ये डिपेंडन्सी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथन आणि नोडचे प्रोजेक्ट डॉकरमध्ये नेणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डॉकर आपला कोड आणि त्याला लागणारी पॅकेज, म्हणजे डिपेंडन्सी, एका इमेजमध्ये बांधतो; ती इमेज चालवली की कंटेनर उभा राहतो. उदाहरणं डेबियनवर आधारलेल्या इमेजची आहेत. पॉडमॅन किंवा बिल्डाह या तशाच साधनांवर काम करणाऱ्यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप मात्र नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच करायची. सगळ्या उत्तरांमागे निकष एकच आहे: आज बनवलेली इमेज सहा महिन्यांनी त्याच कोडवरून पुन्हा बनवली, तर ती तशीच बनली पाहिजे.

१. डिपेंडन्सी बिल्डच्या वेळीच का बसवायच्या? कंटेनर सुरू होताना पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेज बसवणारी कमांड) चालवलं तर काय बिघडतं?

एकच कंटेनर चालवत असाल तर बरेच दिवस काही बिघडत नाही, म्हणूनच ही सवय लागते. लोड वाढला आणि चार नवे कंटेनर उभे राहिले की चारही आधी पॅकेज उतरवत बसतात. त्या क्षणी पायपीआयपर्यंत, म्हणजे पायथन पॅकेजच्या भांडारापर्यंत, पोचता आलं नाही, तर अ‍ॅप सुरूच होत नाही. आणि मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली असेल, तर जुने कंटेनर एका आवृत्तीवर आणि नवे दुसऱ्या आवृत्तीवर चालू राहतात. हा शेवटचा प्रकार शोधायला सर्वांत अवघड, कारण एरर काहीच रिक्वेस्टना येते आणि लॉग बघणाऱ्याला दोन्ही कंटेनर सारखेच वाटतात. तपासलेली इमेज जशीच्या तशी सर्व्हरवर गेली पाहिजे. सुरू होताना तिच्यात भर पडायला नको.

२. कोडमधली एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेज पुन्हा उतरतात. असं का होतं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. जवळजवळ नेहमी कारण डॉकरफाइलमधल्या, म्हणजे इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमधल्या, ओळींच्या क्रमात सापडतं.

प्रत्येक रन (कमांड चालवणाऱ्या) आणि कॉपी (फाइली आत आणणाऱ्या) ओळीचा एक लेयर, म्हणजे इमेजचा एक थर, बनतो आणि तो कॅशमध्ये राहतो. पुढच्या बिल्डला डॉकर वरून खाली येत प्रत्येक ओळीला विचारतो, हिच्यात काही बदललं का? कॉपीच्या ओळीसाठी तो फाइलींचा मजकूर तपासतो. फाइल कधी सेव्ह झाली ही तारीख तो धरत नाही. रनच्या ओळीसाठी फक्त कमांडचा मजकूर आणि आधीचे लेयर बघतो. एका ओळीत बदल सापडला की तिच्याखालच्या सगळ्या ओळी पुन्हा चालतात.

आता कोणी आधी सगळा प्रोजेक्ट कॉपी करतं आणि मग पिप इन्स्टॉल चालवतं. रीडमीमध्ये एक स्वल्पविराम घातला तरी कॉपीची ओळ बदलली, मग तिच्याखालचं इन्स्टॉल आलंच. उपाय असा: आधी फक्त रिक्वायरमेंट्स फाइल (पॅकेजची यादी) कॉपी करा, मग पिप इन्स्टॉलची रन ओळ, आणि त्यानंतरच बाकीचा कोड. नोडमध्ये हेच पॅकेज-जेसन आणि पॅकेज-लॉक या दोन फाइलींबाबत, गोमध्ये गो-मॉड आणि गो-सम यांच्याबाबत. डिपेंडन्सी महिन्यातून एखाददोनदा बदलतात, कोड दिवसातून अनेकदा. जे कमी बदलतं ते वर ठेवायचं.

सोबत डॉकरइग्नोर फाइल, म्हणजे इमेजमध्ये काय घ्यायचं नाही याची यादी, हवीच. तिच्यात गिटचं फोल्डर, नोड-मॉड्यूल्स (नोडची बसवलेली पॅकेज), व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या पायथन पॅकेजचं वेगळं फोल्डर) आणि पासवर्ड असलेल्या एन्व्ह फाइली लिहून ठेवा. ती नसेल तर शेवटच्या कॉपीबरोबर काय काय इमेजमध्ये शिरतं याचा एक नमुना प्रश्न १२ मध्ये आहे.

३. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये पॅकेजची नुसती नावं लिहिली तर चालेल का?

चालेल, पण मग इमेज कोणत्या आवृत्तीची बनेल हे तुम्ही नाही, बिल्डचा दिवस ठरवेल. त्यात कॅशची भर पडते. रन ओळीचा मजकूर बदललेला नसल्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर तीन महिन्यांपूर्वीचा लेयर वापरला जातो, तर बिल्ड सर्व्हरवर आजची आवृत्ती उतरते. फाइल एकच, इमेज दोन.

थेट लागणाऱ्या पॅकेजच्या आवृत्त्या लिहिल्या तरी काम अर्धंच होतं, कारण त्यांच्या पोटातल्या डिपेंडन्सी मोकळ्याच राहतात. म्हणून सगळ्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेली लॉक फाइल हवी. पिप-टूल्समधलं पिप-कंपाइल, पोएट्री किंवा यूव्ही यांपैकी काहीही घ्या. माझं मत विचाराल तर लॉकमध्ये हॅशही (फाइलच्या मजकुराचा ठसा) ठेवा आणि पिपला रिक्वायर-हॅशेस सांगा. मग त्याच नंबराखाली वेगळी फाइल आली तर बिल्ड तिथेच थांबते.

लॉक असूनही पॅकेजच नाहीसं झालं तर? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे काही ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे नोडच्या पॅकेज भांडारावरून, काढून घेतलं आणि त्याच्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेले असंख्य बिल्ड एका दिवसात तुटले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. ज्यांचं काम एक दिवसही थांबून चालत नाही, त्यांनी स्वतःचा मिरर किंवा प्रॉक्सी रजिस्ट्री (पॅकेजची प्रत ठेवणारा सर्व्हर) ठेवावी.

४. एनपीएम इन्स्टॉल की एनपीएम सीआय?

इमेज बनवताना एनपीएम सीआय. ही कमांड २०१८ मध्ये आली. ती लॉक फाइल जशीच्या तशी पाळते, आणि लॉक व पॅकेज-जेसन जुळत नसतील तर एरर देऊन थांबते. एनपीएम इन्स्टॉल अशा वेळी लॉकच दुरुस्त करून पुढे जातं. ती दुरुस्ती इमेजच्या आत राहते आणि गिटमध्ये कधीच येत नाही. प्रॉडक्शनच्या इमेजसाठी ओमिट-डेव्ह हा, फक्त विकासासाठीची पॅकेज वगळणारा, पर्याय जोडा. मात्र फ्रंटएंड बिल्ड करायचा असेल तर टाइपस्क्रिप्ट, व्हीट वगैरे डेव्ह डिपेंडन्सीतच असतात. ते पहिल्या स्टेजमध्ये लागतील, शेवटच्या स्टेजमध्ये नाही (प्रश्न ८).

५. एपीटी-गेट (डेबियनची पॅकेज बसवणारी कमांड) अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत लिहा असं सगळे सांगतात. का?

वेगळ्या ओळीत लिहिलं की अपडेटचा लेयर कॅशमध्ये राहतो. पुढे इन्स्टॉलच्या ओळीत तुम्ही एक नवं पॅकेज जोडता, तेव्हा फक्त तीच ओळ चालते आणि ती जुन्या यादीवर विसंबते. यादीतली आवृत्ती मधल्या काळात डेबियनच्या सर्व्हरवरून हटलेली असते, आणि ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, येतो. दोन्ही कमांड एका ओळीत जोडल्या की इन्स्टॉल बदललं तर अपडेटही चालतं.

त्याच ओळीत नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स (शिफारस केलेली जादा पॅकेज टाळणारा पर्याय) द्या आणि शेवटी एपीटीच्या याद्यांचं फोल्डर पुसा. ते त्याच ओळीत का पुसायचं, ते पुढच्या उत्तरात.

६. शेवटी सगळा कचरा पुसला, तरी इमेजचा आकार तेवढाच कसा?

कारण लेयर एकदा बनला की बदलत नाही. पुढच्या ओळीत फाइल पुसली म्हणजे नव्या लेयरवर ‘ही फाइल दाखवू नका’ एवढी खूण पडते. बाइट खालच्या लेयरमध्ये तसेच राहतात आणि इमेजबरोबर प्रवासही करतात. जे टिकायला नको ते ज्या रनमध्ये आलं त्याच रनमध्ये गेलं पाहिजे. पिपसाठी नो-कॅश-डिर हा पर्याय तेच काम करतो. कोणता लेयर किती मोठा आहे हे डॉकर हिस्टरी कमांड दाखवते, अंदाजाने कापाकापी करण्याआधी ती एकदा चालवा.

हाच नियम पासवर्डलाही लागू आहे. एका ओळीत कॉपी करून पुढच्या ओळीत पुसलेली की-फाइल कोणीही इमेजमधून परत काढू शकतं.

७. अल्पाइन (छोट्या लिनक्सची बेस इमेज) घेतली की इमेज लहान होते ना? मग पायथनसाठी तिला विरोध का?

अल्पाइनची मूळ इमेज दहा एमबीच्या आत असते, डेबियन-स्लिम (डेबियनची छाटलेली इमेज) त्याच्या कित्येक पट. आकडा बघून मोह होतो हे खरं. पण अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे. पायपीआयवर लिनक्ससाठी आधीच कंपाइल करून ठेवलेली व्हील पॅकेज मुख्यतः मेनीलिनक्स प्रकारची असतात, म्हणजे जीलिबसीसाठी. ती मसलवर चालत नाहीत. २०२१ मध्ये पेप ६५६ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचे क्रमांकित प्रस्ताव) मसललिनक्स हा वेगळा प्रकार आणला आणि नमपाय, पांडाजसारख्या मोठ्या लायब्ररी आता तोही देतात, त्यामुळे परिस्थिती पूर्वीइतकी वाईट नाही. पण तुमच्या यादीतल्या एकाच पॅकेजने मसललिनक्स व्हील दिलं नसलं, तरी पिप त्याचा सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतं. मग जीसीसी हा कंपायलर आला, हेडर फाइली आल्या, मिनिटभराची बिल्ड पाऊण तासावर गेली, आणि वाचवलेले एमबी कंपायलरने खाल्ले.

मसलचं वागणंही काही ठिकाणी वेगळं आहे. डीएनएसचं मोठं उत्तर टीसीपीवरून घेण्याची सोय त्यात २०२३ च्या १.२.४ आवृत्तीत आली. त्याआधीच्या अल्पाइनवर काही होस्टनेम सापडतच नसत.

गोसारख्या भाषेत स्टॅटिक बायनरी बनत असेल तर अल्पाइन उत्तम. पायथनसाठी आणि नेटिव्ह मॉड्यूल वापरणाऱ्या नोडसाठी मी स्लिमच घेईन. कोणत्याही बेसवर पिपला ‘ओन्ली-बायनरी ऑल’ सांगून ठेवा, म्हणजे व्हील नसेल तर तो गुपचूप कंपाइल करायला न बसता लगेच एरर देईल आणि निर्णय तुमच्या हातात राहील.

८. ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ किंवा ‘जीसीसी नाही’ अशी एरर येते. जीसीसी इमेजमध्ये ठेवायचं का?

बिल्डसाठी लागतं, चालवण्यासाठी नाही. सायकोपीजी२ (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी पायथन लायब्ररी) सोर्समधून बनवायला जीसीसी आणि लिबपीक्यू-डेव्ह हवं. चालताना फक्त लिबपीक्यू५ पुरतं. हा फरक सांभाळण्यासाठीच मल्टी-स्टेज बिल्ड आहे, डॉकरमध्ये तो २०१७ च्या १७.०५ आवृत्तीपासून आहे.

पहिल्या स्टेजमध्ये कंपायलर आणि डेव्ह पॅकेज टाका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, त्यात पिप इन्स्टॉल करा. दुसरी स्टेज स्वच्छ स्लिम इमेजवरून सुरू करा, तिच्यात लिबपीक्यू५ टाका आणि पहिल्या स्टेजमधून फक्त ते एन्व्हायर्नमेंट कॉपी करा. तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही स्टेजचा पायथन एकाच आवृत्तीचा हवा. दोन्हींचा डेबियनही एकच हवा, नाहीतर जीलिबसीची आवृत्ती जुळत नाही. आणि एन्व्हायर्नमेंट दुसऱ्या स्टेजमध्ये त्याच पाथवर ठेवा, कारण त्याच्या बिन फोल्डरमधल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो.

९. कंटेनर मुळातच वेगळा असतो. मग आत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कशाला?

अधिकृत पायथन इमेज वापरत असाल आणि स्टेज एकच असेल, तर खरंच गरज नाही. दोन ठिकाणी लागतं. एक, मल्टी-स्टेजमध्ये: सगळी पॅकेज एका फोल्डरमध्ये असली की कॉपी सोपी. दोन, डेबियन किंवा उबुंटूची साधी इमेज घेऊन पायथन एपीटीने बसवला असेल तेव्हा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तिथे पिप इन्स्टॉल केलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. हा पेप ६६८ चा नियम आहे: एपीटीने सांभाळलेल्या पायथनमध्ये पिपने हात घालू नये. ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय देऊन एरर घालवता येते, पण एन्व्हायर्नमेंट बनवायला एक ओळ पुरते, तीच लिहा.

१०. लॉक फाइलमध्ये एक पॅकेज वाढलं की सगळी दोनशे पुन्हा उतरतात. यावर काही उपाय?

आहे, बिल्डकिटचा, म्हणजे डॉकरच्या बिल्ड इंजिनचा, कॅश माउंट. रन ओळीत माउंट टाइप-कॅश लिहून पिपचं किंवा एनपीएमचं कॅश फोल्डर जोडायचं. ते फोल्डर बिल्ड करणाऱ्या मशीनवर राहतं, इमेजमध्ये जात नाही. लेयर पुन्हा बनला तरी आधी उतरलेली पॅकेज तिथूनच मिळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना फरक लगेच जाणवेल. बिल्डकिट २०२३ च्या डॉकर २३.० पासून लिनक्सवर आपोआप चालू असतं.

हे वापरताना पिपचा नो-कॅश-डिर काढून टाका, नाहीतर कॅश रिकामीच राहील. एपीटीसाठी वापरायचं तर डेबियनच्या इमेजमध्ये डॉकर-क्लीन नावाची एक कॉन्फिग फाइल असते, ती उतरलेली पॅकेज लगेच पुसते. ती आधी हटवावी लागते.

११. कंपनीच्या खासगी रेपोमधलं पॅकेज हवं आहे. टोकन (प्रवेशाची किल्ली) बिल्ड-आर्गमधून, म्हणजे बिल्ड कमांडला जोडलेल्या पर्यायातून, दिलं तर चालेल ना?

नाही. बिल्ड-आर्गची किंमत इमेजच्या हिस्टरीत उमटते, आणि ज्याला इमेज उतरवता येते त्याला ती वाचता येते. डॉकरफाइलच्या एन्व्ह ओळीत लिहिलं तर ती चालत्या कंटेनरमध्येही दिसते. बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा: टोकन त्या एका रन ओळीपुरतं फाइल म्हणून दिसतं आणि लेयरमध्ये उतरत नाही. गिटवरून एसएसएचने आणायचं असेल तर एसएसएच माउंट आहे. आधीच बिल्ड-आर्गमधून दिलेलं असेल तर नुसती डॉकरफाइल सुधारून भागणार नाही. ते टोकन रद्द करून नवं काढा.

१२. माझ्या मॅकवर नीट चालतं, सर्व्हरवर ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते.

दोन वेगळे आजार आहेत. पहिली एरर म्हणजे मॅकवर बनलेलं नोड-मॉड्यूल्स फोल्डर शेवटच्या कॉपीबरोबर इमेजमध्ये गेलं आणि आत बनलेल्या लिनक्सच्या फोल्डरवर बसलं. डॉकरइग्नोरमध्ये एक ओळ लिहिली की प्रश्न सुटतो.

दुसरी एरर म्हणजे पूर्ण इमेजच चुकीच्या प्रोसेसरसाठी बनली. २०२० नंतरच्या अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर इमेज आर्म६४ साठी बनते, सर्व्हर बहुधा एएमडी६४ असतो. बिल्डच्या वेळी प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगा. मात्र मग मॅकवर ती बिल्ड इम्युलेशनखाली चालते, आणि काही कंपाइल करावं लागत असेल तर फार हळू. अशा वेळी बिल्ड एएमडी६४ सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) हलवलेली बरी.

१३. बिल्ड यशस्वी होते, पण कंपोजने (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनाने) चालवलं की ‘मॉड्यूल सापडलं नाही’.

कंपोज फाइलमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर कंटेनरमधल्या अ‍ॅपच्या फोल्डरवर माउंट केलेलं असेल. माउंटमुळे इमेजमधलं मूळ फोल्डर झाकलं जातं, आणि त्याबरोबर आत बसवलेलं नोड-मॉड्यूल्सही. त्या फोल्डरला वेगळा व्हॉल्यूम द्या. पण डिपेंडन्सी बदलल्यावर तो जुना व्हॉल्यूम काढायला विसरू नका. इमेज नवी बनवूनही जुनीच पॅकेज दिसतात ती यामुळे. पायथनमध्ये एन्व्हायर्नमेंट अ‍ॅपच्या फोल्डरबाहेर ठेवलं की ही अडचण येतच नाही.

१४. सीआयवर दर वेळी सगळं पहिल्यापासून बनतं. कॅश का मिळत नाही?

दर वेळी नवं मशीन मिळतं, म्हणून. लेयरची कॅश रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवर, पाठवा आणि पुढच्या बिल्डला तिथून घ्या. मल्टी-स्टेज असेल तर मोड-मॅक्स द्या, म्हणजे मधल्या स्टेजही साठवल्या जातात. प्रश्न १० मधला कॅश माउंट मात्र अशा निर्यातीत जात नाही.

१५. इन्स्टॉल चालू असताना बिल्ड टाइमझोन विचारते आणि अडकून पडते.

उबुंटूच्या इमेजवर टीझेडडेटा बसताना हे होतं. त्या रन ओळीपुरतं डेबियन-फ्रंटएंड नॉनइंटरअ‍ॅक्टिव्ह ठेवा. एन्व्हमध्ये लिहून कायमचं करू नका.

आपल्याकडच्या लोकांना इथे आणखी एक खाच लागते. आपल्या झोनचं चालू नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे, पण काही ब्राउझर आणि जावाच्या आवृत्त्या अजून ‘एशिया/कॅलकटा’ पाठवतात. उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजमध्ये गेली आहेत. त्यामुळे बेस इमेज बदलताच पोस्टग्रेस ‘हा टाइमझोन चालत नाही’ म्हणून कनेक्शन नाकारतो, आणि कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं. अ‍ॅपमध्ये नवं नाव ठरवून द्या. ते हातात नसेल तर लेगसी पॅकेज टाका.

१६. पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात. पॅकेज तर सगळी आहेत.

पिपची आहेत, सिस्टिमची नाहीत. चौकोन म्हणजे देवनागरी फॉन्ट नाही. स्लिम इमेजमध्ये फॉन्ट नसतातच, आणि दुसऱ्या पॅकेजबरोबर डेजावू आला तरी त्यात देवनागरी नाही. डेबियनवर फॉन्ट्स-लोहित-देवा किंवा फॉन्ट्स-नोटो-कोअर टाका. नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स वापरत असाल तर फॉन्टचं नाव स्वतः लिहावंच लागतं.

चौकोन गेले पण ‘क्ष’ किंवा ‘र्य’ सुटे दिसतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, तर अक्षरजुळणीची लायब्ररी कमी आहे. पीडीएफ बनवणाऱ्या वीझीप्रिंटला पँगो लागतं. चित्रांसाठीच्या पिलो लायब्ररीत बारीक गोम आहे: ८.२ आवृत्तीपासून त्याच्या व्हीलमध्ये राक्म (अक्षरजुळणीची लायब्ररी) असतं, पण ते फ्रिबिडी ही लायब्ररी चालताना शोधतं आणि ती स्लिममध्ये असेलच असं नाही. सापडली नाही तर पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर येतं. लिबफ्रिबिडी०चं पॅकेज टाका आणि पिलोच्या फीचर्स मॉड्यूलने राक्म चालू आहे का हे बिल्डमध्येच तपासा. नसेल तर बिल्ड फेल करा. फुटलेली मराठी बिलं ग्राहकाच्या हातात पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

१७. दोन वर्षं चाललेली डॉकरफाइल आज एपीटीच्या पायरीवर ४०४ देते. आम्ही काहीच बदललं नाही.

प्रश्न ५ मधलं कारण नसेल तर बेस इमेजचा डेबियन म्हातारा झाला आहे. डेबियन ९, म्हणजे स्ट्रेच, २०२३ मध्ये मुख्य सर्व्हरवरून अर्काइव्हमध्ये हलवला गेला आणि त्यावर बसलेल्या सगळ्या जुन्या इमेज एकाच वेळी अशा अडल्या. एपीटीचा सोर्स अर्काइव्हकडे वळवून आजची बिल्ड काढता येईल, पण तिथे सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून ती फक्त बेस बदलेपर्यंतची सोय.

याची उलट बाजूही आहे. टॅगमध्ये (इमेजच्या नावापुढच्या आवृत्तीच्या खुणेत) डेबियनचं नाव दिलेलं नसेल तर नवा डेबियन आल्यावर तोच टॅग त्याच्याकडे सरकतो आणि लायब्ररींची पॅकेज नावं बदलतात. टॅगमध्ये बुकवर्म, ट्रिक्सी असं नाव लिहा. काटेकोर हवं तर डायजेस्ट (त्याच एका इमेजचा ठसा) लिहा आणि तो ठरावीक काळाने बदलायचं काम रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट या बॉटवर सोपवा.

१८. एनपीएम सीआय मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबतं, कोड १३७.

१२८ अधिक ९: कर्नलने प्रोसेस मारली, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून. डॉकर डेस्कटॉपची मेमरी मर्यादा वाढवा, किंवा इन्स्टॉल आणि फ्रंटएंड बिल्ड एकाच ओळीत असतील तर वेगळे करा, म्हणजे नक्की कोण मरतं ते कळेल.